पहिल्या पिढीतील विद्यार्थ्याला पदवीपर्यंत सोबत कशी करावी

हा लेख अशा वाचकांसाठी आहे, ज्यांच्या शेजारात, नात्यात किंवा शाळेत एखादा मुलगा अथवा मुलगी यंदा अकरावी-बारावीला आहे आणि त्या घरातून यापूर्वी कुणीही महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही. आई-वडील शिरोळ-हातकणंगल्याच्या मळ्यांत रोजंदारी करत असतील, इचलकरंजीत यंत्रमागावर असतील, शाहूवाडी-गगनबावड्याच्या धनगरवाड्यावर जनावरे राखत असतील, शहरात धुणीभांडी करत असतील किंवा गावकुसाबाहेर पालावर राहत असतील. अशा मुलांना मदत करावी असे कोल्हापुरात पुष्कळांना मनापासून वाटते, परंतु ती मदत बहुधा जूनमधील वह्यावाटप आणि गुणवंतांचा सत्कार यांपुढे जात नाही. महाविद्यालयात शिकवताना आणि सुट्टीच्या दिवशी अशा मुलांची कागदपत्रे लावून देताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. बुद्धीत किंवा कष्टांत ही मुले कुणापेक्षा कमी नसतात आणि सरकारी योजनाही बऱ्याच आहेत. तरीही एखादा दाखला वेळेत न मिळाल्याने, एखादी तारीख हुकल्याने किंवा पहिल्या सत्रातील चार आठवड्यांच्या एकटेपणाने ती शिक्षणातून गळतात, कारण त्या वेळी पुढे काय करायचे हे सांगणारे घरात कुणी नसते. राधानगरीकडच्या एका मुलाने मला एकदा सांगितले होते, "सर, आमच्यात कालेजला कोण गेलंच न्हाई, इचारायचं कुणाला?" ज्याला विचारता येईल असा माणूस होणे हेच आपले काम, आणि ते कसे करावे हे पुढे सांगितले आहे.

एकाच विद्यार्थ्याची जबाबदारी घ्यावी

उत्साहाच्या भरात दहा मुलांची नावे घेऊ नयेत. नोकरी आणि संसार सांभाळणाऱ्या माणसाला एक, फार तर दोन विद्यार्थ्यांकडेच नीट लक्ष देता येते. अकरावीच्या दुसऱ्या सहामाहीपासून पदवीच्या पहिल्या वर्षाच्या निकालापर्यंतचा सुमारे अडीच वर्षांचा काळ सर्वांत नाजूक असतो, म्हणून तेवढ्या काळासाठी तरी आपण बांधील आहोत असे मनाशी ठरवून मगच सुरुवात करावी. मध्येच हात काढून घेणारा माणूस त्या मुलाच्या आयुष्यात आधीच अनेकदा येऊन गेलेला असतो.

पहिली भेट शक्यतो त्यांच्या घरी, आई-वडिलांसमोर व्हावी आणि त्या भेटीत आपण कमी बोलावे. मुलाला काय शिकायचे आहे, घरात कमावते किती, धाकटी भावंडे किती, बारावीनंतर घरच्यांच्या मनात काय आहे, एवढे ऐकून घेतले तरी पुरे. आपल्या मनातील अभ्यासक्रम त्याच्या गळ्यात बांधू नये. शेतमजुराच्या मुलाने शेतीचाच डिप्लोमा करावा आणि मुलीने डी.एड. किंवा नर्सिंगच करावे, असे सल्ले चांगली माणसे सहज देऊन टाकतात आणि त्यात त्या मुलाच्या इच्छेचा विचार कुठेच झालेला नसतो. दुसरी खबरदारी अशी की मदतीचे फोटो काढू नयेत आणि ते कोणत्याही ग्रुपवर टाकू नयेत. अठरा वर्षांच्या मुलाला आपण कुणाच्या तरी उपकारावर शिकतो आहोत हे वर्गमित्रांच्या मोबाइलवर दिसणे किती झोंबते, याची कल्पना देणाऱ्याला येत नाही.

कागदपत्रांचे काम अकरावीतच

या कामाला मी सर्वांत जास्त जागा देत आहे, कारण सर्वांत जास्त प्रवेश येथेच अडकतात. बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत तहसील कार्यालय, सेतू केंद्र आणि पडताळणी समिती या तिन्ही ठिकाणी एकाच वेळी हजारो अर्ज येऊन पडतात. त्या गर्दीत ज्याचे वडील कामावर खाडा करून फक्त एक दिवस येऊ शकतात, त्याचा अर्ज मागे राहतो. म्हणून अकरावीच्या दिवाळीच्या सुट्टीतच कामाला लागावे.

एक प्लास्टिकची जाड फाईल घ्यावी आणि तीत पुढील कागद या क्रमाने लावावेत: दहावीचे गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड, शिधापत्रिका, जातीचा दाखला, रहिवास दाखला, उत्पन्नाचा दाखला, प्रवर्गानुसार नॉन-क्रिमिलेअर (कुटुंब त्या प्रवर्गातील उन्नत, सुस्थित गटात मोडत नसल्याचे) किंवा आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र आणि जात पडताळणीचे वैधता प्रमाणपत्र. यांपैकी उत्पन्नाचा दाखला आणि दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र यांची मुदत संपत असल्याने ती नव्या आर्थिक वर्षात, म्हणजे एप्रिलनंतर, पुन्हा काढावी लागतात. नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग यांना लागते आणि त्यालाही मुदत असते. अनुसूचित जाती व जमातींना ते लागत नाही, तरीही ते आणा असे सांगून मुलांना हेलपाटे घालायला लावल्याचे मी पाहिले आहे. या दाखल्यांसाठी जी प्रतिज्ञापत्रे द्यावी लागतात त्यांना मुद्रांक शुल्क माफ आहे. म्हणजे साधा कागद चालतो, आणि मजुराची निम्मी मजुरी स्टॅम्प पेपरवर घालवण्याचे कारण नाही.

जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे जातीचा दाखला खरा असल्याचे पडताळणी समितीने तपासून दिलेले प्रमाणपत्र, हा खरा कसोटीचा भाग आहे. अर्ज ऑनलाइन भरून त्याची प्रत कागदपत्रांसह जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे द्यावी लागते (अनुसूचित जमातींसाठी वेगळी समिती असते). कोल्हापुरात हे काम विचारे माळ येथील सामाजिक न्याय भवनातून चालते. अर्जासोबत वडील, आजोबा, चुलते, आत्या यांच्यापैकी कुणाच्या तरी जातीची जुनी नोंद दाखवावी लागते आणि ती एका ठरावीक तारखेच्या आधीची असावी लागते. अनुसूचित जातींसाठी ही तारीख 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 आहे. कुटुंब त्या तारखेला ज्या गावी राहत होते तेथीलच पुरावा ग्राह्य धरला जातो, त्यामुळे पोटासाठी दोन पिढ्यांपूर्वी कर्नाटकातून किंवा मराठवाड्यातून इकडे आलेल्या घरांनी हा प्रश्न आधीच तपासून घ्यावा.

पुरावा शोधण्याची जागा म्हणजे आजोबांची शाळा. शाळेच्या जनरल रजिस्टरमधील नोंदीचा उतारा मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज करून मिळतो. आजोबा शाळेतच गेले नसतील, तर तहसील कार्यालयातील जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, म्हणजे ज्यांना लोक अजूनही कोतवाल बुक म्हणतात ती, पाहाव्या लागतात. त्यांतल्या बऱ्याच मोडीत आहेत, पण कोल्हापुरात मोडी वाचणारी जाणती माणसे अजून आहेत. रक्ताच्या नात्यातील कुणाला आधीच वैधता प्रमाणपत्र मिळालेले असेल तर काम पुष्कळ सोपे होते, म्हणून चुलत घराण्यातील प्रत्येकाला तसे आवर्जून विचारावे.

एका मुलीच्या फाईलमध्ये आम्हांला आढळलेली अडचण येथे सविस्तर सांगतो, कारण ती फार घरांत असते. तिच्या आजोबांचे नाव त्यांच्या स्वतःच्या शाळेच्या उताऱ्यात "सिदू रामा" असे होते, वडिलांच्या दाखल्यात तेच आजोबा "सिद्धाप्पा रामचंद्र" झाले होते आणि आडनाव एकात गावावरून पडलेले, तर दुसऱ्यात अजिबात नव्हते. नोंद करणाऱ्या गुरुजींनी कानाला ऐकू आले तसे लिहिले, त्यात कुणाचा दोष नाही, परंतु समितीपुढे ही दोन वेगळी माणसे ठरतात. आम्ही त्यासाठी वडिलांचे प्रतिज्ञापत्र, वंशावळीचे शपथपत्र, जमिनीचा जुना फेरफार उतारा आणि गावातील दोन वृद्धांचे जबाब असे सगळे जोडले, आणि अर्जासोबत एका पानावर "कोणत्या कागदात नाव कसे आहे" याचा तक्ता स्वच्छ अक्षरांत लिहून दिला. त्या तक्त्याचा उपयोग सर्वांत जास्त झाला. त्रुटी निघाली तर समिती ती कळवते आणि तिचे उत्तर मुदतीत द्यावे लागते. तो संदेश बहुधा अर्जात दिलेल्या मोबाइल क्रमांकावर येतो, म्हणून अर्जात सायबर कॅफेवाल्याचा नंबर असता कामा नये. विद्यार्थ्याचा स्वतःचा आणि शक्य असेल तेथे आपला पर्यायी नंबर द्यावा.

प्रमाणपत्र हाती नसेल आणि केवळ अर्ज केल्याची पावती असेल, तर काही वेळा प्रवेशाला मुदतवाढ मिळते. तिच्यावर विसंबून राहू नये.

ज्यांच्याकडे कोणताच जुना कागद नाही अशी घरेही आहेत. पालावरच्या भटक्या-विमुक्त कुटुंबांना गृहचौकशीच्या आधारे जातीचा दाखला देण्याची तरतूद आहे, ती अर्जात स्पष्ट मागावी लागते. बालगृहात वाढलेल्या अनाथ मुलांना महिला व बालविकास विभागाकडून अनाथ प्रमाणपत्र मिळते आणि त्यावर राज्यात शिक्षण व नोकरीत 1 टक्का समांतर आरक्षण, म्हणजे जातीच्या आरक्षणापासून वेगळे असे आरक्षण, आहे. अठराव्या वर्षी बालगृह सोडण्यापूर्वीच ते प्रमाणपत्र हाती पडेल असे पाहावे. अपंग विद्यार्थ्याकडे किमान 40 टक्के अपंगत्व दाखवणारे ओळखपत्र असल्यास 2016 च्या कायद्याप्रमाणे शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत 5 टक्के जागा राखीव असतात, आणि परीक्षेतील वाढीव वेळ व लेखनिक यांची मागणी सत्राच्या सुरुवातीलाच लेखी द्यावी लागते. तृतीयपंथी विद्यार्थ्याला 2019 च्या कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळख प्रमाणपत्र मिळते. ते काढायचे की नाही आणि महाविद्यालयात कधी दाखवायचे हे सर्वस्वी त्या विद्यार्थ्याने ठरवावे, आपण घाई करू नये.

सर्व कागद हाती आले की त्यांच्या प्रती डिजिलॉकरमध्ये आणि आपल्या ईमेलवरही ठेवाव्यात. 2019 आणि 2021 च्या महापुरांत पंचगंगा-कृष्णाकाठच्या कितीतरी घरांतील पत्र्याच्या पेट्या कागदांसह भिजून गेल्या आणि मुलांना पहिल्या दाखल्यापासून पुन्हा सुरुवात करावी लागली.

पैसा कोठून येतो आणि कोठे अडतो

शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवर भरले जातात. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिची कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 2 लाख 50 हजार रुपये आहे. उत्पन्न त्याहून अधिक असेल तर शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची फ्रीशिप, म्हणजे शुल्कमाफी, पाहावी. खुल्या प्रवर्गातील आणि इतर काही प्रवर्गांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल विद्यार्थ्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, तिची मर्यादा 8 लाख रुपये आहे. 2024-25 पासून आणखी एक मोठा बदल झाला आहे: आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागासवर्ग यांतील ज्या मुलींचे कौटुंबिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत आहे, त्यांना शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून (कॅपमधून) व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. ही माहिती गावात अजून पुरेशी पोहोचलेली नाही. मुलगी हुशार असूनही "इंजिनिअरिंग आपल्याला झेपायचं नाही" म्हणून तिला मिळेल त्या अभ्यासक्रमात घालणारे वडील मी पाहिले आहेत, आणि त्यांना हा नियम कागदावर दाखवला की त्यांचा चेहरा बदलतो.

अर्ज मंजूर होऊनही पैसे न येण्याचे सर्वांत साधे कारण बँकेचे असते. शिष्यवृत्तीची रक्कम अर्जात लिहिलेल्या खाते क्रमांकावर जात नाही. आधार क्रमांक ज्या बँकखात्याशी शेवटी जोडला गेला असेल, त्या खात्यात ती जमा होते. घरातील कुणीतरी पूर्वी कोणत्याशा अनुदानासाठी मुलाच्या नावे दुसऱ्या बँकेत खाते काढलेले असते, ते व्यवहार नसल्याने बंद पडलेले असते आणि पैसा तेथे अडकतो. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी आधारच्या संकेतस्थळावर जाऊन कोणती बँक जोडलेली दिसते ते पाहावे, ती चुकीची असल्यास बँकेत जाऊन बदलून घ्यावी आणि खाते चालू आहे याची खातरजमा करावी. हे काम दहा मिनिटांचे आहे, पण ते राहून गेले तर वर्ष वाया जाते. अर्ज भरल्यावर तो महाविद्यालयाच्या लिपिकाच्या लॉगिनमध्ये जातो आणि तेथून पुढे ढकलला गेला की नाही हे दर पंधरवड्याने पाहावे लागते. लिपिकांवर कामाचा मोठा बोजा असतो. त्यांच्याशी आदराने, नावानिशी बोलून नाते जुळवणे हा या कामाचा भागच आहे.

शिष्यवृत्ती मंजूर झाली तरी ती हातात पडायला महिने जातात, आणि मुलाचा खर्च मात्र पहिल्याच दिवसापासून सुरू होतो. ज्याला पैशांनीच मदत करायची आहे, त्याने शुल्काऐवजी या पहिल्या तीन-चार महिन्यांची सोय करावी: खानावळीचे पैसे, एस.टी.चा पास, परीक्षा फॉर्म, प्रयोगशाळेचा कोट, मोबाइलचे रिचार्ज. विद्यार्थ्यांना एस.टी.च्या मासिक पासावर 66.67 टक्के सवलत मिळते, त्यासाठी महाविद्यालयाचा सही-शिक्का लागतो. प्रवेशाच्या वेळी पूर्ण शुल्क आधी भरा असा आग्रह झाला तर घाबरून सावकाराकडे जाऊ नये. शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थ्याकडून शुल्क आगाऊ घेऊ नये अशा शासनाच्या सूचना आहेत, त्या लेखी अर्जात नमूद करून प्राचार्यांना भेटावे. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्यासही विद्यापीठ अनुदान आयोगाची मनाई आहे.

राहण्याची सोय ही अभ्यासाइतकीच महत्त्वाची

कोल्हापूरला हे वेगळे सांगायला नको. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू करवले आणि पुढच्या काही वर्षांत जैन, मुस्लिम, लिंगायत अशा एकेका समाजासाठी बोर्डिंगे उभी राहिली. 1908 मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. खेड्यातील पोराला शहरात डोके टेकायला जागा आणि दोन वेळची भाकरी मिळाली नाही तर शाळा कितीही चांगली असली तरी ती त्याच्यासाठी नाही, हे त्यांनी ओळखले होते. याच शहरातील बोर्डिंगांत वाढलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी पुढे 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि कमवा आणि शिका ही वाट घालून दिली. दसरा चौकाच्या आसपास फिरताना त्या काळच्या इमारती आजही दिसतात आणि त्यांतील काहींत आजही मुले राहतात.

आजच्या विद्यार्थ्याने शासकीय वसतिगृहाचा अर्ज सर्वांत आधी करावा. तेथे प्रवेश मिळाला नाही तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आणि इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. या योजनांतून राहण्या-जेवणाचा खर्च थेट खात्यावर मिळतो. अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. शिवाजी विद्यापीठात आणि काही महाविद्यालयांत कमवा व शिका योजनेतून राहण्याची किंवा कामाची सोय होते. समाजाच्या बोर्डिंगांचे अर्ज बहुधा ऑनलाइन नसतात, प्रत्यक्ष जाऊन अधीक्षकांना भेटावे लागते.

खोली भाड्याने घ्यायची वेळ आली तर आपण बरोबर जावे. आडनाव ऐकल्यावर "खोली कालच गेली" असे सांगणारे घरमालक आजही आहेत, आणि तो अनुभव सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने एकट्याने घेऊ नये.

पहिले सत्र

प्रवेश झाला की मदत करणारे निश्चिंत होतात. खरे तर या टप्प्यावर त्यांची गरज वाढलेली असते. गावच्या शाळेत पहिल्या बाकावर बसणारा मुलगा शहरातील वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसतो. शिकवणे इंग्रजीत, सूचना व्हॉट्सअॅपवर, टाइमटेबल दर आठवड्याला बदललेले, आणि "असाइनमेंट", "इंटर्नल", "क्रेडिट", "मेजर-मायनर" असे शब्द सगळ्यांना कळतात असे गृहीत धरलेले. न कळलेले विचारायला तो लाजतो, कारण विचारल्यावर हसू होईल अशी भीती असते. पहिल्या महिन्यात एक संध्याकाळ काढून अभ्यासक्रमपत्रिका त्याच्याबरोबर बसून वाचावी: कोणता विषय किती श्रेयांकांचा (क्रेडिटचा), अंतर्गत गुण किती आणि ते कशावर मिळतात, हजेरी किती लागते, एखादा विषय राहिला तर तो मागे ठेवून पुढच्या वर्गात जाण्याचा, म्हणजे ए.टी.के.टी.चा, नियम काय. अंतर्गत गुण हे वेळेवर वही दिल्याचे, चाचणीला बसल्याचे गुण असतात, आणि केवळ माहिती नसल्याने ते घालवणारी मुले मी दरवर्षी पाहतो.

इंग्रजीची धास्ती मोठ्या उपदेशाने जात नाही. मी एक साधी पद्धत सांगतो. विद्यार्थ्याने त्या दिवशी झालेल्या एका तासाची फक्त दोन पाने घ्यावीत, अडलेले शब्द वहीच्या डाव्या पानावर लिहावेत, उजव्या पानावर तो मुद्दा आधी मराठीत आणि मग चार ओळी इंग्रजीत स्वतःच्या शब्दांत मांडाव्यात. विषयाचे पारिभाषिक शब्द मर्यादित असतात आणि तेच पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे दिवाळीपर्यंत डावे पान रिकामे राहू लागते. भुदरगडच्या एका मुलीची रसायनशास्त्राची अशी वही माझ्याजवळ आहे. जुलैमधल्या पानांवर डावीकडे वीस-वीस शब्द आहेत, त्यात "डायल्यूट" तीनदा आलेला आहे आणि तिसऱ्यांदा तिने तो रागाने अधोरेखित केला आहे. नोव्हेंबरच्या पानांवर एखाददुसरा शब्द उरलेला दिसतो. कला शाखेच्या अनेक विषयांत मराठीतून उत्तरे लिहिता येतात, हेही मुलांना सांगावे, कारण केवळ इंग्रजीच्या भीतीने आवडता विषय सोडणारे असतात.

आठवड्यातून एकदा फोन करावा, ठरावीक वारी आणि ठरावीक वेळी. "अभ्यास कसा चाललाय?" या प्रश्नाला "बरा आहे" हेच उत्तर येते. त्याऐवजी आज कोणते तास झाले, दुपारी काय जेवलास, कुणाबरोबर बसतोस, असे विचारावे. सलग दोनदा "आज गेलो नाही" असे ऐकू आले तर त्याच आठवड्यात प्रत्यक्ष भेटावे. गगनबावड्याच्या बाजूच्या एका मुलाची पहिल्या तासाची हजेरी सारखी कमी पडत होती आणि वर्गशिक्षक त्याला आळशी समजत होते. विचारल्यावर कळले की त्याच्या वाडीपासून फाट्यापर्यंत पाऊण तास चालावे लागते आणि त्यानंतर मिळणारी पहिली गाडी त्याला तास सुरू झाल्यावरच शहरात पोहोचवते. वर्गशिक्षकांना एक पत्र दिले, त्यांनी त्याला दुपारच्या प्रात्यक्षिकांच्या तुकडीत घेतले आणि सकाळच्या तासाची टिपणे एका मित्राकडून मिळू लागली. त्याने स्वतःहून हे कुणालाच सांगितले नव्हते.

शक्य असेल तर त्याच महाविद्यालयातील, त्याच तालुक्यातील दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याची ओळख करून द्यावी. आपण सांगितलेल्या दहा गोष्टींपेक्षा त्याने चहा पिताना सांगितलेली एक गोष्ट अधिक पटते.

घरच्यांना बरोबर घ्यावे

ऊसतोडीचा हंगाम आणि पहिल्या सत्राची परीक्षा ही दोन्ही साधारण दिवाळीच्या मागेपुढे येतात. मुलाने चार आठवडे कोयता धरला तर घराचा एक महिना निघतो, हा हिशेब आई-वडिलांनी केला तर तो चुकीचा आहे असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्यांच्यासमोर परीक्षेच्या तारखा लिहिलेला कागद ठेवावा आणि कोणते दिवस द्यायचे, कोणते द्यायचे नाहीत, हे त्यांच्याशी बोलूनच ठरवावे. मुलींच्या बाबतीत दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत स्थळे येऊ लागतात. तेव्हा आईशी बोलण्यासाठी घरातील एखाद्या स्त्रीने, शक्यतो स्वतः नोकरी करणाऱ्या शेजारणीने किंवा शिक्षिकेने जावे. "एवढं तिसरं वर्ष होऊ दे, मग बघू" असे आईच्या तोंडून निघाले की बहुतेक घरांत ते टिकते.

अपमान झाला तर

जातीवरून टोमणा, शिष्यवृत्तीच्या यादीचे वर्गात मोठ्याने वाचन, "कोट्यातला" असा उल्लेख, वसतिगृहातील छळ, हे घडते. विद्यार्थ्याने सांगितले तर आधी पूर्ण ऐकून घ्यावे आणि "दुर्लक्ष कर" असे म्हणू नये. तारीख, वेळ, शब्द आणि कोण उपस्थित होते हे त्याच दिवशी लिहून ठेवायला सांगावे. महाविद्यालयात समान संधी केंद्र, अनुसूचित जाती-जमाती कक्ष, अंतर्गत तक्रार समिती आणि रॅगिंगविरोधी समिती असतात. तक्रार लेखी द्यावी आणि आवक क्रमांकासह पोच घ्यावी. रॅगिंगसाठी 1800-180-5522 हा देशभराचा निःशुल्क क्रमांक आहे. तक्रार करायची की नाही हा निर्णय विद्यार्थ्याचा असावा, परंतु ती केल्यास आपण बरोबर कार्यालयात जाऊ, असे त्याला स्पष्ट सांगावे. मुलगा अबोल झाला, जेवण तुटले, फोन उचलेनासा झाला, तर वाट न पाहता त्याच्यापर्यंत पोहोचावे आणि गरज वाटल्यास छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञांना दाखवावे.

विषय राहिला तर

पहिल्या सत्रात एखाद-दुसरा विषय राहणे फार सर्रास घडते. ज्यांच्या घरी वकील-डॉक्टर आहेत त्यांचेही विषय राहतात, पण त्यांना घरात कुणीतरी सांगते की पुढच्या वेळी निघेल. पहिल्या पिढीतील मुलगा मात्र "आपली लायकीच नव्हती" असे समजून गावी निघून जातो. निकालाच्या दिवशी आपण फोनवर असावे. उत्तरपत्रिकेची प्रत मागण्याची आणि फेरमूल्यांकनाची मुदत थोड्या दिवसांची असते, ती पहिल्याच दिवशी पाहावी, आणि पुढच्या परीक्षेचा फॉर्म न विसरता भरून घ्यावा. त्याच वर्गात पुन्हा बसावे लागले तर शिष्यवृत्तीत खंड पडू शकतो, म्हणून महाविद्यालयाच्या कार्यालयात तो प्रश्न लगेच विचारावा. घरच्या अडचणीने शिक्षण थांबवणे अटळच झाले तर न सांगता गायब होऊ नये: मिळवलेले श्रेयांक अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या ऑनलाइन खात्यात नोंदलेले राहतात आणि नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत एक किंवा दोन वर्षांनंतर प्रमाणपत्र अथवा पदविका घेऊन बाहेर पडून पुन्हा येता येते. कमावत शिकणाऱ्यांसाठी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे विभागीय केंद्र कोल्हापुरातच आहे.

तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला पुढचा विचार सुरू करावा. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागास व भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती या संस्था स्पर्धा परीक्षांचे प्रशिक्षण आणि संशोधनासाठी अधिछात्रवृत्ती देतात, आणि सारथीचे उपकेंद्र राजाराम महाविद्यालयाच्या परिसरात आहे. पदव्युत्तर प्रवेशपरीक्षांचे अर्ज अंतिम निकालाच्या कितीतरी आधी निघतात. त्याच सुमारास जुनी फाईल पुन्हा उघडून उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर यांच्या मुदती तपासाव्यात, आणि या वेळी तहसील कार्यालयात विद्यार्थ्याने एकट्याने जावे.